दोन टाचांचा मोजा

जिन्याच्या वळणावर ती डावीकडे सरकली, तर समोरचाही त्याच बाजूला सरकला. ती उजवीकडे, तर तोही तिकडेच! तिच्या हातात मोज्यांची टोपली, त्याच्या हातात संगणकाचं खोकं, आणि जिना जेमतेम दीड माणसाचा. तिसऱ्यांदा दोघंही एकदमच थांबली आणि टोपलीनं नेमका तोच मुहूर्त साधला. तीसेक मोजे पायऱ्या उतरून खाली गेले.

"माफ करा हं... मी लावून देतो जोड्या." खोकं बाजूला ठेवून तो खाली बसलासुद्धा.

त्यानं लावलेल्या पहिल्याच जोडीत एक मोजा हिरवा, एक निळा होता.

"रंग दिसतात ना तुम्हाला?"

"दिसतात की. पण आत्ता लक्ष... मोज्यांकडे नव्हतं."

ती बोलायला लागली की थांबत नसे, म्हणून मावशीनं तिचं नाव टकळी ठेवलं होतं. त्या सोमवारी सकाळी मात्र टकळीला एक शब्द सुचेल तर शपथ.

कारखाना मावशीचा. वरच्या मजल्यावर मोजे विणायचं जुनं यंत्र होतं, ते टकळी सांभाळायची. त्याला जोडलेल्या जुन्या संगणकात मावशीनं तीस वर्षांत तयार केलेल्या दोनशे बारा नक्ष्यांच्या फायली होत्या. त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, आणि संगणकाची डिस्क आता टकटक आवाज करू लागली होती. खाली नवं यंत्र आलं होतं, त्याचा संगणकही नवा, पण त्याची कार्यप्रणाली अगदी वेगळी. शुक्रवारपर्यंत सगळ्या नक्ष्या खाली धडधाकट पोचल्या नाहीत तर मावशीची तीस वर्षं पाण्यात. त्यासाठीच हा संगणकवाला आला होता.

जिन्यावरून वायर सोडून त्यानं मोठ्या ऐटीत पहिली फाईल खाली पाठवली. नवं यंत्र घरघरलं आणि मोजा बाहेर पडला. त्याला टाचा दोन होत्या.

मावशीनं तो चिमटीत धरला. "हा कुणासाठी बाबा? पुढे जाऊ की मागे, हेच ज्याला ठरवता येत नाही त्याच्यासाठी?"

त्याचे कान लालबुंद झाले. "चूक माझी. लिहिलेल्या मजकुरात ओळ संपली की जुना संगणक एक खूण करतो, नवा दोन करतो. फायली पाठवणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमला वाटलं, हे पत्रच आहे. ती खूण दिसेल तिथे त्यानं स्वतःच्या मनानं आणखी एक आकडा घुसवला. पण हे पत्र नाही, टाके आहेत. एक आकडा वाढला की पुढचे सगळे सरकतात."

"म्हणजे मदत करायला गेला आणि वाट लावली," टकळी म्हणाली.

"अगदी! माझ्यासारखंच... जोड्या लावताना."

ती हसली आणि मग उगाचच यंत्राचं तेल तपासायला गेली. मावशी मोजा टाकून द्यायला निघाली, तेव्हा तो "राहू द्या, मला हवाय" म्हणाला आणि त्यानं तो पिशवीत ठेवला. टकळीनं ते पाहिलं. पाहिलं नाही असंही दाखवलं.

मग त्यानं सगळ्या फायलींचा एकच गठ्ठा बांधला, प्रोग्रॅमला 'जसं आहे तसं ने, एका आकड्यालाही हात लावू नकोस' अशी तंबी दिली आणि गठ्ठा खाली उतरवला. "आता खात्री करायची. प्रत्येक फाईलचा एक ठसा निघतो, बत्तीस आकडे-अक्षरांचा. आत एक टाका जरी बदलला तरी ठसा पार बदलतो. तुम्ही वरून जुन्या फायलीचा ठसा वाचा, मी खाली नव्याशी ताडून बघतो. फोनवर."

"सगळ्या दोनशे बारा?"

"सगळ्या," तो गंभीरपणे म्हणाला.

आणि ते सुरू झालं.

"चार, सी, नऊ, नऊ, बी..."

"जरा हळू. तो दुसरा नऊ परत म्हणा."

"का, ऐकू नाही आला?"

"आला. छान म्हणता तुम्ही नऊ."

असं बोलत बसल्यावर काम पुढे सरकणार कसं? ठशांच्या मध्ये त्याच्या बहिणीची खोडी आली, टकळीची शाळेतली फजिती आली, चहात साखर किती हा वाद तर तीन फायली चालला. मंगळवारी सत्तर ठसे झाले, बुधवारी साठ. फोन ठेवला की टकळीचा कान गरम असायचा आणि गाल त्याहून गरम.

बुधवारी दुपारी ती संगणकाचं जुनं माहितीपुस्तक चाळत होती. चौऱ्याण्णवाव्या पानावर तिला एका ओळीचा आदेश सापडला. तो दिला की सगळ्या फायलींचे ठसे संगणक स्वतःच जुळवून देतो, मिनिटभरात.

तिनं पुस्तक मिटलं. फडताळात सगळ्यात खाली ठेवलं, आणि वर लोकरीचे गोळे रचले.

गुरुवारी डिस्कची टकटक वाढली. उरलेल्या फायलींत एखादी बिघडलेली असली आणि जुना संगणक आजच गेला तर? फोनवरच्या एका आवाजापायी ती मावशीची तीस वर्षं टांगणीला लावत होती. सांगावं का? तिनं फोन उचलला.

"बोला, टकळी," तिकडून आवाज आला. पहिल्यांदाच त्यानं तिला त्या नावानं हाक मारली होती.

"काही नाही... एकशे अडतिसावी घ्या," ती म्हणाली.

शुक्रवारी दुपारी शेवटची फाईल उरली. मावशीची सगळ्यात पहिली नक्षी, तान्ह्या बाळाच्या मोज्यावरचं बदक. एवढा ठसा जुळला की वायर गुंडाळायची, आणि तोही जाणार. टकळीनं एकतीस अक्षरं बरोबर वाचली. शेवटचा आकडा चार होता. तिला वाटलं, चुकीचा वाचला तर पुन्हा पाठवावं लागेल... निदान सोमवारपर्यंत...

"नऊ," ती म्हणाली.



"जुळलं," तो म्हणाला.

म्हणजे हा तपासतच नव्हता? तेवढ्यात डिस्क दोनदा कुरकुरली आणि पडदा काळा झाला. जुना संगणक गेला होता.

दोन-दोन पायऱ्या उतरत ती खाली धावली. "जुळलं कसं? मी मुद्दाम चुकीचं वाचलं! चार होता तो! आता बदक बिघडलेलं असेल तर कुठून आणायचं? तुम्ही काय नुसते..."

"चारच आहे." त्यानं पडदा तिच्याकडे वळवला. शेवटचा आकडा चार होता. "बदक सुखरूप आहे. सगळ्याच नक्ष्या आहेत. सोमवारीच एका आदेशात जुळवून झालं होतं."

"सोमवारी?"

"मला त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं," धागा ओवता ओवता मावशी म्हणाली. "मीच म्हटलं, वाचू दे टकळीला चार दिवस आकडे. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण घरच्यांचे डोळे उघडे असतात."

टकळीचा जीव भांड्यात पडला. मागोमाग राग आला, आणि तो येतायेताच वितळला. "चौऱ्याण्णवावं पान," ती पुटपुटली. "बुधवारी वाचलं मी. पुस्तक लपवलं."

त्यानं पिशवीतून दोन टाचांचा मोजा काढला.

"याची जोडी हवी होती. चांगल्या फायलीतून ती विणता येणार नाही. म्हणून बिघडलेली फाईल मी जपून ठेवलीय, माझ्या संगणकावर." त्यानं मोजा तिच्यापुढे धरला. "मला तू आवडतेस, टकळी. हिरव्या-निळ्या जोडीपासून."

"मग पाठव की ती इकडे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. "पण जशीच्या तशी हं. तिच्यातली एकही चूक सुधारता कामा नये."

त्यानं फाईल पाठवली. तिनं ठसा वाचायला घेतला, फोनवरून नाही, त्याच्यासमोर बसून. शेवटचा आकडा तिनं खरा वाचला.

"जुळलं," दोघंही एकदमच म्हणाली.

यंत्र घरघरलं. दुसरी टाच विणून झाली, मोजा खाली पडला आणि तो उचलायला दोन हात एकाच वेळी पुढे झाले. या वेळी कुणीच बाजूला सरकलं नाही.