एक गडी कमी

बसा गा. लाइट येईन तेव्हा येईन. खाली घरात नुसती वाफ आहे, इथं गच्चीवर निदान वारा तरी लागते. विक्की, ती चटई इकडं ओढ.

तुम्ही मघाशी विचारलं, वरची कोपऱ्यातली खोली मी भाड्यानं काहून देत नाही म्हणून. त्या खोलीत काही नाही. तिथं जे दोन पोट्टे राहत होते ते माझ्या घरचेच झाले होते, म्हणून दुसऱ्या कोणाचं सामान तिथं पाहवत नाही मले. अंकुश आणि धम्मानंद. दोघंही काटोलचे, शाळेपासूनचे दोस्त. आपल्या या कॅम्पसमध्ये एमएस्सी करत होते. पुढचं मले धम्मानंदनं सांगितलं आहे. थोडं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

तुमचं चालते तसंच त्यांचंही चालत होतं. दिवसभर लॅब, संध्याकाळी चौकात तर्री-पोहे, कधी फुटाळा तलावाच्या कठड्यावर बसून कोणाच्या तरी मोबाइलवर गाणी. आणि शुक्रवारी टर्फ. तिकडं अमरावती रोडच्या मागच्या अंगाले होतं ते. प्लास्टिकचं हिरवं गवत, चारही बाजूंनी नायलॉनची जाळी, वर मोठे फोकस. सहा-सहा जणांचा क्रिकेटचा गेम. अभ्यासाचं, घरचं, पुढं नोकरी लागन की नाही त्याचं, सगळं ओझं पोट्टे त्या जाळीबाहेर चपलांसोबत काढून ठेवत.

मागच्याच्या मागच्या वर्षी, डिसेंबरातला दुसरा शुक्रवार. रात्री नऊचा स्लॉट होता. धम्मानंद टेनिसचे बॉल आणायले म्हणून जरा आधीच निघाला. मी गेटपाशी झाडांले पाणी देऊन राहिलो होतो. म्हणे, "काका, कुलूप लावू नका, खेळून येतो आम्ही." दुकानातून त्यानं बंटीले फोन केला. बंटी त्यांचा बॉलर, सक्करदऱ्याले मावशीकडं राहत होता. तो म्हणाला, "निघालो बे. हेल्मेटच घालून राहिलो."

नऊ वाजले. समोरची टीम तयार. इकडं पाचच जण. बंटीचा पत्ता नाही, फोन उचलेना.

तेवढ्यात जाळीच्या दारातून एक माणूस आत आला. पस्तीस-चाळीसचा असन. फुलपँट, इन केलेला शर्ट, केस नीट विंचरलेले. ऑफिसातून सुटून थेट आला असन असं वाटत होतं. अगदी सभ्य आवाजात त्यानं विचारलं, "तुमचा एक गडी कमी आहे का?"

धम्मानंद म्हणाला, "नाही काका, येऊनच राहिला तो."

"बरं. मग तो येईपर्यंत मी उभा राहतो."

आणि तो जाऊन उभा राहिला पार टोकाच्या कोपऱ्यात, जिथं फोकसचा उजेड अर्धाच पोचत होता. बॅटिंग मागितली नाही, बॉलिंग मागितली नाही. नुसती फिल्डिंग. पण फिल्डिंग कशी… एक बॉल फोकसच्याही वर उडाला. कोणाले दिसेना. सगळे डोळ्यांवर हात धरून वर पाहून राहिले. या माणसानं मान वर केलीच नाही. हात तेवढे पुढं केले. बॉल हातात येऊन बसला.

पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. अंकुश म्हणे, "काका, नंबर द्या तुमचा. दर शुक्रवारी बोलावतो."

तो हसला. "बोलवायची गरज नाही. जागा रिकामी दिसली की येतो मी."

गेम संपल्यावर सगळे पाणी प्यायले वळले. पाहतात तर तो गेलेला. कोणी त्याले जाताना पाहिलं नाही, पण तिकडं लक्ष द्यायले वेळच मिळाला नाही. धम्मानंदचा फोन वाजला. बंटीच्या नंबरवरून. बोलणारा पोलीस होता.

मेडिकल चौकाच्या अलीकडं ट्रकनं उडवलं होतं त्याले. हे पोट्टे जाळीत वाट पाहून राहिले होते, तेव्हाच.

त्यानंतर दोन महिने कोणी टर्फचं नावही काढलं नाही. मग सुशीलनं काढलं. सुशील म्हणजे त्यांच्यातला मिमिक्रीवाला. गॅदरिंगले सगळ्या सरांच्या नकला करायचा, आणि सरच पहिल्या रांगेत बसून हसायचे. तो म्हणे, "बंटीच्या नावानं एक गेम खेळू. असे किती दिवस तोंड पाडून राहायचं?" पोट्टे तयार झाले. टीममध्ये बंटीच्या जागी एक ज्युनिअर घेतला.

फेब्रुवारीतली थंडी होती. सगळे जमले, सुशीलच मागं राहिला. त्याची खोली टर्फच्या मागच्याच गल्लीत. त्याचा निरोप आला होता, अंघोळ करून पोचतोच. म्हणून हे थांबले. बुटांच्या नाड्या बांधता बांधता धम्मानंदनं सहज मान वर केली.

टोकाच्या कोपऱ्यात तो उभा होता.

तीच फुलपँट. तोच शर्ट. अंकुशनं त्याले हात केला, "अबे, ते काका आले पाहा." बाकीचेही खुश झाले. धम्मानंद मात्र गार पडला. काहून, ते त्याले तेव्हा सांगता आलं नसतं. त्यानं सुशीलले फोन लावला. रिंग जात राहिली. त्यानं बॉल खाली टाकला आणि पळत सुटला.

खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. बाथरूमचं आतून बंद. दाराखालून गरम पाणी वाहून राहिलं होतं. बाथरूमले खिडकी नव्हती, आणि आत गॅसचा गिझर…

दार तोडलं तेव्हा उशीर झाला होता.

त्या आठवड्यात धम्मानंद माझ्यापाशी येऊन बसला, खाली जिन्यात. मग म्हणे, "काका, तो माणूस आधी येते. मग आमच्यातला एक येत नाही."

मी म्हटलं, "जाऊ नका तिथं. कोणीच जाऊ नका." ते ऐकलं त्यांनी. परीक्षा झाली, प्रॅक्टिकल झाले, व्हायवा झाला. पोट्टे आपापल्या गावाले जायले निघाले. आणि निघायच्या आदल्या दिवशी ज्युनिअर पोट्ट्यांनी सिनिअर लोकांसाठी टर्फ बुक केलं. निरोपाचा गेम.

अंकुश म्हणाला, मी जाणार. दोघांचं इथं या गच्चीवर भांडण झालं, मी खाली ऐकत होतो. अंकुश म्हणे, "बंटीले ट्रकनं मारलं. सुशीलले गिझरनं. त्या बिचाऱ्या माणसानं काय केलं सांग मले."

धम्मानंदनं चपला पायात सरकवल्या. मग तोही सोबत गेला. खेळायले नाही. सगळे आहेत की नाही, ते पाहायले.

सगळे होते. त्यानं एकेकाच्या पाठीवर हात ठेवून पाहिला. गेम सुरू झाला, रंगात आला. अंकुशनं एक लांब सिक्स मारला. कोपरा रिकामा होता. धम्मानंदनं कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला, असं तोच मले म्हणाला.

मग अंकुशच्या आईचा फोन आला. पार्वतीबाईचा. उद्या कोणत्या बसनं येता म्हणून. आवाज नीट ऐकू येत नव्हता म्हणून अंकुश जाळीच्या दाराबाहेर जाऊन उभा राहिला. चार हातांवर. दिसून राहिला होता. हसून बोलून राहिला होता.

धम्मानंदनं कोपऱ्याकडं पाहिलं.

तो उभा होता.

धम्मानंद चालत त्याच्यापर्यंत गेला. म्हणाला, "आमचा कोणी कमी नाही. तुम्ही जा."

तो जागचा हलला नाही.

"तो पाहा तिथं. फोनवर आहे. आत्ता येते."

"मी काही करत नाही, बाबू," तो माणूस म्हणाला. आवाज तसाच, सभ्य. "जागा रिकामी असते. मी फक्त उभा राहतो."

"रिकामी नाही ती. तो पाहा, उभा आहे…"

त्या माणसानं दाराकडं पाहिलं. अंकुशकडं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग त्यानं नजर खाली घातली…

रागावला असता तरी चाललं असतं, धम्मानंद मले म्हणाला. हसला असता तरी चाललं असतं. पण त्याले वाईट वाटलं होतं, काका. त्याले खरंच वाईट वाटलं होतं.

धम्मानंदनं अंकुशचा हात धरला आणि त्याले ओढत घरी आणलं. ते दोघं गेटमधून आले ते मी पाहिलं. अंकुश हसत होता. "काका, समजवा याले, हा येडा झाला." मी धम्मानंदचं तोंड पाहिलं आणि समजवायच्या भानगडीत पडलो नाही. ऑटो बोलावला. दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, बीपी पाहिलं, रक्त घेतलं. सगळं चांगलं. डॉक्टर आमच्यावरच चिडले, धडधाकट पोट्टा कायले घेऊन आले म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसनं दोघं काटोलले निघाले. गाडीवर जायचं नाही, हे धम्मानंदनंच ठरवलं. अंकुशले खिडकीपाशीही बसू दिलं नाही. पूर्ण रस्ता त्याचं मनगट धरून बसला. नाडीवर बोट ठेवून. अंकुशही मग हसायचा थांबला. म्हणे, "धर बापा. तुले बरं वाटते ना, धर." थोडा वेळ बोलला. आईनं पुरणपोळी केली म्हणे. मग ऊन लागायले लागलं. त्यानं धम्मानंदच्या खांद्यावर डोकं टाकलं. झोपला.

कळमेश्वर गेलं. नाडी होती.

पुढं संत्र्याचे बगीचे लागले. होती.

मग…

धम्मानंद म्हणते, मी बोट हलवलं नाही. एकदाही नाही. त्याच जागी ठेवलं होतं.

काटोलच्या स्टँडवर बस थांबली. लोक उतरले. हे दोघं बसून. कंडक्टर आला, "उतरा गा, काटोल आलं." धम्मानंद बसून. खाली पार्वतीबाई उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. बसच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खिडक्यांत पाहत आली. पोरगा दिसला तशी थांबली.

"उठव ना त्याले," ती म्हणाली. "किती झोपते हा."

धम्मानंदचं बोट अजून नाडीवरच होतं…

डॉक्टरांनी लिहिलं, हृदय बंद पडलं. का पडलं ते कोणाले सांगता आलं नाही.

धम्मानंद आता घरीच असते. परीक्षेत पास झाला, पण मार्कशीट न्यायले आला नाही. त्याच्या बापानं, बळीरामनं, दोन-तीन मोठ्या डॉक्टरांकडं नेऊन आणलं. गोळ्या चालू आहेत. दिवसभर ओट्यावर बसते. चार माणसं जमली की उठून आत जाते. मी भेटायले गेलो होतो दिवाळीत. मले एकच विचारलं त्यानं. "काका, मी हात सोडला नव्हता. मग कसा गेला?"

मी त्याचा हात हातात धरला.

पार्वतीबाई अजून धम्मानंदसाठी डबा पाठवते. त्याच्यावर कोणाचा राग नाही. तेच त्याले सहन होत नाही.

टर्फ यंदाच्या उन्हाळ्यात बंद पडलं. मालकानं प्लॉट विकला. मी संध्याकाळी त्या बाजूनं फिरून येतो. एक दिवस पाहिलं तर मजूर ते प्लास्टिकचं गवत गुंडाळून राहिले होते. खाली सिमेंटचा कोबा निघाला. तिथं आधी गोडाऊन होतं, त्याच्या वेळचा कोबा. कळकट, जुना, जागोजागी तडे गेलेला. त्यावरच गवत टाकलं होतं.

टोकाच्या कोपऱ्यात दोन मजूर खाली वाकून काही तरी पाहत होते. मीही गेलो.

कोब्यात पावलं उमटली होती. खेळायच्या बुटांची. ओल्या सिमेंटवर कोणी उभं राहावं तशी. खोल, तळव्याच्या नक्षीसकट. एकाशेजारी एक, तीन जणांची. बुटांची टोकं सगळ्यांची पिचच्या बाजूले.

मजूर म्हणाला, "बाबूजी, हे कोणी केलं असन? हा कोबा तर वीस-पंचवीस वर्षांचा आहे."