उसनी भूक

आत्ताच थालीपीठ खाऊन उठलेल्या कल्याणीला कडकडून भूक लागली. ब्लाउजची बाही शिलाईयंत्राखाली तशीच सोडून तिने घड्याळ पाहिलं. शाळेची मधली सुट्टी. म्हणजे ही भूक तिची नव्हतीच. तिच्या लेकीची, अन्विताची होती.

मिरजेच्या रुग्णालयात दोघींच्या मनगटांवर ‘भूकजोड’ बांधला होता. अन्विताची पट्टी तिच्या शरीरातल्या भुकेच्या खुणा वाचायची आणि कल्याणीची पट्टी तीच भूक तिच्या मज्जातंतूंत जागवायची. जेवण टाकणारं पोर ‘भूक नाही’ म्हणालं तरी आत किती भुकेलंय हे आईबापांना कळावं, म्हणून ही सोय.

अन्विता गुटगुटीत होती तेव्हा एका लग्नात तिचा मामा म्हणाला होता, हिला दोन खुर्च्या द्या रे. पंगत हसली, तीही हसली. मग तिने एक पोळी कमी केली, नंतर दुसरी. आता तोच मामा ‘काय छान बारीक झालीस’ म्हणायचा आणि तिला दप्तर उचलताना धाप लागायची.

त्या दिवशीही डबा भरलेलाच परत आला. रागावून झालं होतं, रडून झालं होतं, आवडीची पुरणपोळी करून झाली होती. कल्याणी देवापुढे बसली आणि नवस बोलली: पोरीची भूक शमेपर्यंत मी भात खाणार नाही. भाताशिवाय जिचं जेवण संपत नसे, तिने खरंच भात सोडला. मनगटातून येणारी भूक मात्र दिवसभर आत खरवडत राहायची.

आणि एका दुपारी ती थांबली. कल्याणी थांबून राहिली. काहीच नाही. आतलं सगळं शांत. पोरगी जेवली! तिने आंबेमोहोर शिजवला, वर साधं वरण, तूप. देवाला नैवेद्य दाखवला, शेजारी खीर दिली. पहिला घास तोंडात घातला तोच रुग्णालयातून डॉक्टर मुजावरांचा फोन आला. भूकजोडाची नोंद त्यांच्याकडेही जायची.

“कल्याणीताई, अन्विता जेवलेली नाही. शरीर मागून मागून थकलंय. आता ते मागतच नाही. तिला लगेच घेऊन या.”

तिने तो घास ताटात परत टाकला आणि दाराकडे धावली.

रुग्णालयात अन्विताच्या हाताला सलाईन लागलं. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, जोड उलटा फिरवता येतो, पण तो अजून फार कुणावर वापरलेला नाही. आईची भूक लेकीला द्यायची. तिचं शरीर पुन्हा मागायला शिकेल, अशी आशा. मग त्यांनी कल्याणीला दम भरला, की जेवणाच्या वेळी लागते तेवढीच भूक पुरे, तुमचे उपासाचे पराक्रम इथे नकोत. अन्विताला विचारलं, तर तिने नुसते खांदे उडवले.

दुसऱ्या दिवशी जोड उलटा फिरवून डॉक्टर मुजावर त्याच्या पडद्यापाशी बसल्या आणि मऊ भाताची वाटी समोर आली. अन्विताचा हात पोटाकडे गेला आणि चेहरा घाबरला. किती दिवसांनी आतून कुणी हाक मारत होतं.

“आई, सकाळपासून काही खाल्लं नाहीस ना तू?”

“चहा घेतला. तू खा, मग मी खाते.”

“हे ब्लॅकमेल आहे.”

“आहे.”

अन्विताने चमचा उचलला, ठेवला, परत उचलला. एवढासा घास तिने कितीतरी वेळ चघळला. कल्याणी श्वास रोखून बघत होती.

“तुझ्यासाठी खातेय हं,” अन्विता म्हणाली. दुसरा घास घेतला आणि मध्येच थांबली. “आई, माझी स्वतःची भूक परत आली, तर ती माझीच आहे हे मला कसं कळेल?”

कल्याणीने डॉक्टर मुजावरांकडे पाहिलं. त्यांनी पडदा अन्विताकडे वळवला; दोघींच्या भुकेची रेघ तिथे एकच होती.