दोह्यातले जादाचे अडीच तास

२०१८ सालचा फेब्रुवारी. मी एकसष्ट वर्षांची होते, पाय धडधाकट होते, आणि तरीही दोह्याच्या विमानतळावर चाकांच्या खुर्चीत बसले होते. परदेशात आई-वडील वाट चुकू नयेत म्हणून मुलं अशी खुर्ची आधीच सांगून ठेवतात. माझ्या सत्यजीतनेही सांगितली होती. तो मँचेस्टरला असतो. त्याचे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. न्हावऱ्याचं घर बंद करून, म्हैस जाऊबाईंच्या, सरूबाईंच्या गोठ्यात बांधून मी त्याच्याकडे कायमची निघाले होते. जायचं नव्हतं मला. पण ते कुणाला सांगायचं?

शेजारी तशाच खुर्चीत एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्या पिशवीवरचं कापडदुकानाचं नाव वाचलं.

"शिरूरच्या का?"

"न्हावऱ्याची."

"मी भांडगावचा, पोपटराव. रेल्वेत गार्ड व्हतो, दौंडला." मग आवाज उतरवून म्हणाले, "खरं सांगा, पाय दुखत्यात का तुमचे?"

मी इकडेतिकडे पाहिलं. "नाही."

"माझे बी न्हाईत." आणि ते चक्क उठून उभे राहिले! "तुम्ही मास्तरीण ना?"

"कशावरून?"

"आत्ता बघितलं की माझ्याकडं… न इचारता उठलो म्हणून."

मला हसू आलं, पण मी ते दाबलं. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, हे मात्र कबूल केलं. तेव्हापासून मी 'बाई' झाले.

ते लेकीकडे, लंडनला, चार महिने राहून परत निघाले होते. माझं विमान दुपारी तीनला, त्यांचं चारला. एक जाणारी, एक येणारा.

"मग हितं बसून काय करायचं? पासपोर्टावर शिक्का मारून घिऊ, गाव बघून यिऊ."

"आणि विमान चुकलं तर?"

"चौतीस वर्षं टायमावर गाड्या सोडल्यात, बाई. घड्याळ हाय माझ्या हाताला."

अनोळखी देश, अनोळखी माणूस… आणि मी निघाले. आजही मला त्याचं नवल वाटतं.

टॅक्सीतून समुद्र दिसला. कोवळं ऊन, लाकडी होड्या, खारा वारा. जुन्या बाजारात उतरलो, तर सगळी दुकानं बंद.

"सव्वानऊ झाले की!" पोपटराव घड्याळ बघून म्हणाले. "दौंडला एव्हाना तिसरा चहा झाला असता. आळशी दिसत्यात हितली माणसं."

एक चहावाला तेवढा उघडा सापडला. चौकात कबुतरं उतरली होती. मी पिशवीतून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा काढला आणि एक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला.

"कुणासाठी नेताय?"

"मुलासाठी."

"मग दुसरा नको," म्हणाले. हात मात्र तसाच पुढे!

"गार्डसाहेब, हात काही वेगळंच सांगतोय."

"हाताला वळण न्हाई, बाई. शाळा थोडीच झाली त्याची."

दुसरा दिला. मग तिसराही. गल्ल्या फिरलो, मसाल्यांचे वास घेतले, होड्या मोजल्या. गप्पांना सूर लागला होता, तेवढ्यात पोपटराव ताडकन थांबले.

"एक वाजला! चला, चला!"

रस्ता ओलांडताना त्यांनी माझं मनगट धरलं. टॅक्सीत बसलो तरी सोडायचं विसरले. मीही आठवण करून दिली नाही.

धापा टाकत विमानतळात शिरलो. समोरच्या भल्यामोठ्या पाटीवर वेळ होती… दहा पंचावन्न. पोपटरावांनी पाटी बघितली. घड्याळ बघितलं. त्यांचे कान लाल झाले.

"घड्याळ भारताचंच ठेवतो मी. लंडनला साडेपाच तास वजा करायचो… हितं अडीच वजा करायचं राह्यलंच!"

"चौतीस वर्षं चुकला नाहीत ना?"

"न्हाई. आजच."

मी हसले. सहा वर्षांत इतकी हसले नव्हते. म्हणजे दुकानदार आळशी नव्हते, बिचारे. आम्हीच पावणेसातला त्यांच्या दारात उभे!

तपासणी करून काचेपाशी बसलो. विमानं येत होती, जात होती. त्यांची पत्नी जाऊन नऊ वर्षं झाली होती. दौंडच्या घरी ते एकटेच. मी माझं नाव सांगितलं — कस्तुरा. आणि मग कुणालाच सांगितलं नव्हतं ते मी बोलून गेले : "मला तिकडे कायमचं राहायचं नाही."

त्यांनी सल्ला दिला नाही. अगदी हळू विचारलं,

"बाई… तुमचं म्हायेरचं देवक कोणतं?"

माझे कान गरम झाले. आमच्याकडे देवक एकाच कामासाठी विचारतात — सोयरीक जुळते का, ते बघायला. एकच देवक निघालं तर लग्न होत नाही.

"या वयात देवक विचारता? लोक काय म्हणतील?"

"हितं कोण वळखतंय आपल्याला? म्हणून तर आत्ता इचारलं. दौंडात धीर झाला नसता."

मी पिशवी आवरायला घेतली. तीनच्या विमानाची सूचना झाली. त्यांनी चिठ्ठीवर फोन नंबर लिहून दिला. मी रांगेत उभी राहिले. कागद तपासून झाले. चार पावलं आणखी, की दिसेनाशी होणार… मी वळले. ते तिथेच उभे होते, हात मागे बांधून.

साठ पोरांच्या वर्गात कमावलेला आवाज होता माझा.

"पंचपालवी!"

सगळी रांग वळून बघायला लागली. पोपटराव तितक्याच मोठ्याने ओरडले, "सूर्यफूल!"

जुळत होतं.

मँचेस्टरला मी अकरा आठवडे राहिले आणि एका रविवारी सत्यजीतला पोपटरावांचं सांगितलं. तो चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी माझं तिकीट काढून दिलं, पण लग्नाला आला नाही. पोपटरावांची लेक, अपेक्षा, मात्र आली; रजिस्टरवर पहिली सही तिचीच. सरूबाईंनी वर्षभर माझं तोंड पाहिलं नाही. मग म्हैस व्याली, तेव्हा चीक घेऊन स्वतः एसटीने दौंडला आल्या आणि जेवून गेल्या.

मागच्या वैशाखात पोपटराव गेले. सकाळचा चहा घेतला आणि खुर्चीतच… मला सात वर्षं मिळाली.

मी दौंडलाच आहे. परवा सत्यजीतचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलला, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला,

"आई, आबांचं वर्षश्राद्ध कोणत्या तारखेला येतंय? मी रजा टाकतोय."

आबा. पोपटरावांना असं पहिल्यांदाच म्हणाला तो.

मी तारीख सांगितली.