नववा दिवा

“मोबाइल पालथा ठेव, मुरली. त्या उजेडात ही गोष्ट सांगवत नाही,” अप्पाजी म्हणाले. तमिळ मुलखातल्या मेलकावेरीत, त्यांच्या घराच्या गच्चीवर दोन्ही नातवंडं चटई ओढून जवळ सरकली. “आणि जननी, हसायचं तर आत्ताच हसून घे. कीर्ति माझ्या साडूची मुलगी, विजेची कामं करते. तिनं मला सांगितलं तेच सांगतो. पदरचं काही नाही.”

२०२४ सालचा नोव्हेंबर, सव्वीस तारीख, मंगळवार. सकाळपासून पाऊस. कीर्ति स्कूटीवरून दारासुरमला अनंतकृष्णाच्या घरी गेली. तिथं नवा जनरेटर आला होता आणि त्याला वीज वाटून देणारी पेटी जोडायची होती. काम साधं. बाहेरची वीज गेली की पेटी जनरेटर आपोआप सुरू करते आणि घरातल्या नऊ लाइनींना वीज देते. भार झेपेना झाला, की शेवटच्या नंबरापासून एकेक लाइन तोडत वर येते. पहिल्या नंबराला धक्का लागत नाही.

पहिला नंबर कोणाचा, हे कीर्तीला विचारावंही लागलं नाही. अनंतकृष्णाची आई, अंबुजामामी, वरच्या मजल्यावर ऑक्सिजनच्या यंत्रावर होत्या. अकरा महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान विजयराघवराव याच यंत्रावर होते, खालच्या खोलीत. एका रात्री वीज गेली. जुना जनरेटर हातानं सुरू करावा लागे. अनंतकृष्णाला जाग आली नाही... तेव्हापासून तो आईच्या खाटेशी टॉर्च घेऊन बसल्याबसल्या झोपायचा. ही पेटी त्याला म्हणूनच हवी होती.

मामींनी वरून हाक मारली. “कां गे, यादी करतेस ना? त्यांच्या खोलीचं पहिलं लिही. मग माझं.”

“मामी, त्या खोलीला कुलूप आहे. आत फक्त एक बल्ब आहे.”

“असू दे. त्यांचं पान वाढल्यावाचून मी कधी घास घेतला नाही. आजही पहिलं पान त्यांचंच मांडायला लावते. लिही.”

कीर्तीचं डोकं तडकलं. स्वतःला धड श्वास घेता येत नाही आणि ही बाई मेलेल्या नवऱ्याच्या मागं रांगेत उभी राहते! पण म्हाताऱ्यांशी वाद घालायचा म्हणजे दिवस गेला.

“सरी, बरं मामी, लिहिलं,” ती म्हणाली. आणि लिहिलं उलटं. मामी एक. ती खोली नऊ.

अनंतकृष्णानं यादी पाहिली. “अम्माला कळलं तर?”

“कोण सांगणार, अण्णा? पेटी? तिला ना तमिळ येतं, ना आपलं मराठी.”

तो हसला. किती दिवसांनी हसला असेल. अडीनडीचा ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा होता, तोही त्यानं संध्याकाळी निर्धास्तपणे भरायला पाठवून दिला. पेटी होती ना आता.

पाऊस थांबेना, म्हणून कीर्ति तिथंच राहिली. जिन्याखाली, पेटीसमोर चटई टाकून झोपली.

दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.

आठ सेकंदांत जनरेटर घुरघुरला. पेटीवरचे नऊच्या नऊ हिरवे दिवे लागले. वर मामींच्या यंत्राचा आवाज सुरू झाला. ढप्... हुस्स. ढप्... हुस्स. कीर्ति उठून बसली आणि स्वतःवरच खूश झाली.

तेवढ्यात आठवा दिवा विझला.

भार वाढला असेल. पण मग आधी नववा जायला हवा होता. नववा जळतच होता.

सातवा विझला. सहावा.

तिनं पेटीच्या छोट्या पडद्यावर नववी लाइन काढली. साडेतीनशे वॉट. एका बल्बला? एवढी वीज या घरात रात्रंदिवस खाणारी वस्तू एकच होती, आणि ती वर मामींच्या उशाशी होती.

पाचवा. चौथा.

तिनं नवव्याचा खटका खाली पाडला. दिवा तसाच.

तिसरा.

दुसरा...

पहिला विझला.

वरचं ढप् थांबलं.

“कीर्ति!” अनंतकृष्णाचा आवाज फाटला. “अम्माच्या बोटावरचा आकडा... अठ्ठ्याऐंशी... कीर्ति!”

बाहेर जनरेटर नीट चालला होता. सगळं घर काळोखात. एक हिरवा ठिपका. आणि तिच्या पाठीमागं, कुलपाच्या पलीकडून...

ढप्... हुस्स.

ती वळली नाही.

ढप्... हुस्स.

“ब्याऐंशी!”

बोटं पेटीच्या बटणांवर घसरत होती. तिनं यादी उघडली.

“मामा...” ती म्हणाली. “तुमचं... आधी.”

नऊ खोडलं. एक लिहिलं. मामींना दोन.

काहीच झालं नाही.

“अठ्ठ्याहत्तर...” तो आता रडत होता.

मग कुलपाआडचा श्वास एकदाच लांब झाला. जेवून उठताना माणूस सोडतो, तसा.

दुसरा दिवा लागला. वर ढप् झालं. हुस्स झालं.

कीर्ति जिना चढून गेली तेव्हा मामींचे डोळे उघडे होते. ओठ निळसर होते. त्यांनी हळूच विचारलं, “झालं का त्यांचं?”

अप्पाजींनी पाण्याचा घोट घेतला. मुरलीनं मोबाइल कधीच उशीखाली सरकवला होता.

“मग?” जननीनं विचारलं. ती हसत नव्हती.

“मग काय. सकाळी अनंतकृष्णानं खोली उघडली. कुलूप गंजलेलं, तेल घालून उघडावं लागलं. आत उघडी खाट, अकरा महिन्यांची धूळ. धुळीत पाऊल नाही. खिळ्याला विजयराघवरावांचा मास्क टांगलेला. नळी कापलेली, कशालाही जोडलेली नाही.”

“आणि?”

“मास्क आतून वाफेनं धुरकटला होता. कीर्तीनं बोटानं पुसला. बोट ओलं झालं... कोमट.”

अप्पाजींनी चटईवरून काहीतरी झटकल्यासारखं केलं.

“ती दारापर्यंत आली आणि तिनं वळून पाहिलं. पुन्हा धुरकटला होता.”