सगळं काम ओमच्या नावावर

रंजिता चप्पल न काढताच आत आली आणि खुर्चीत बसली. रडून झालं होतं. आता नुसता थकवा.

"दीपाताई, माह्यं महिनाभराचं काम चोरीले गेलं."

दीपा आर्णीत खाजगी तपास करते. लग्नाआधीच्या चौकशा करकरून माणसांना विटलेली बाई. तिचा जोडीदार देवीलाल गाडी झकास चालवतो. डोकं मात्र गाडीमागून येतं.

"काम कसं चोरीले जाते?" तो म्हणाला.

रंजिता, ओम आणि संघदीप घरी बसून बाहेरच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितात. कामाचा तुकडा झाला की त्याची नोंद करायची; तिला कमिट म्हणतात. तिच्यावर नाव लॅपटॉपच लावतो, त्यात ज्याचं भरलेलं असेल त्याचं. त्या नोंदींवरून महिन्याचा रिपोर्ट निघतो. या वेळच्या रिपोर्टात रंजिता नव्हतीच. सगळं ओमचं, आणि सगळं एकाच गुरुवारचं.

"कंपनी आज संध्याकाळी माह्यात न् ओममधून एकालेच ठेवनार. मले काढलं तं पुन्याले जा लागते. याडी, माह्यी माय, अंथरुनावर हाय. तिले कोन उचलनार?"

ओम त्याच्या घराच्या दारातच भेटला.

"गुरुवारी मी कळंबले गेलतो, चिंतामणीच्या दर्शनाले. लॅपटॉप घरीच होता. आता रिपोर्टात माह्यं नाव आलं, तं मी कायले नाही म्हनू?"

"लाज म्हनून," दीपा म्हणाली.

"पोट मलेबी हाय, ताई."

संघदीपच्या खिडकीत लॅपटॉप पालथा पडला होता. वर धूळ.

"चहा सांडला, मागच्याच महिन्यात," तो म्हणाला. "दोघायचे तुकडे मीच जोडतो. कंपनीले बारीक नोंदी नको, एकच मोठी पाहिजे. नावाचं मले काय विचारता? रंजितालेबी तेच सांगतलं, मशीन खोटं बोलत नाही."

बाहेर येताच देवीलाल म्हणाला, "ओमच चोर. नाव त्याचंच हाय."

"तू गाडी काढ."

दुपारी सगळे रंजिताच्या घरी जमले. आई मोतीबाई खाटेवर. दीपा भिंतीला टेकली.

"महिन्याचं काम एका दिवसात कोनी करते का? गुरुवारी काम झालंच नाही, जोडनी झाली. बारीक नोंदी गेल्या, मोठी एक राह्यली. तिले नाव लागलं जोडनाऱ्या लॅपटॉपचं. ओम कळंबले. जोडनाऱ्याचा लॅपटॉप पालथा. मंग संघदीप, तू जोडलं कशावर?"

संघदीपने मान खाली घातली. "ओमच्या लॅपटॉपवर. त्याची माय होती घरी, तिनंच देल्ला. चुकून झालं."

"गुरुवारी चुकून. रंजिता विचारायले आली तवा तं समजलं होतं. काहून बोलला नाही?"

"दुसऱ्याच्या मशीनवर काम कराची कंपनीत बंदी हाय. माह्यीच जागा गेली असती."

"म्हनून तिची घालवत होता." दीपा रंजिताकडे वळली. "तुह्ये मूळचे तुकडे, बारीक नोंदीसगट, तुह्या लॅपटॉपमधी हायेत ना?"

"हाव."

"त्याच्यावरून रिपोर्ट काढ. आन संघदीप, कंपनीले फोन तू लाव. सगळ्यायसमोर."

त्याने लावला. अडखळत सगळं सांगितलं. ओम उठून बाहेर गेला.

मग फोनमधून बारीक आवाज आला, "रंजिता मॅडमना द्या."

रंजिताचे दोन्ही हात मोतीबाईच्या पाठीखाली होते.

"स्पीकरवर टाक," ती म्हणाली. "मी इथूनच बोलते."