वेचातदादांचे घोडे

"यशराज, विहंग, धावा! घोडे गेले!"

भक्तीची हाक ऐकून दोघे गाण्याचा सराव टाकून शाळेमागच्या कडुनिंबाकडे धावले. १९९८च्या दिवाळीची सुट्टी होती. परवाच्या कार्यक्रमाचं स्वागतगीत बसवायला सातवीच्या या तिघांना मांजलपूरच्या शाळेत बोलावलं होतं.

निंबाखाली मातीचे वीस-पंचवीस घोडे असायचे. आज एकही नव्हता!

हे घोडे वेचातदादांच्या माणसांचे. शाळा नव्हती, सोसायट्या नव्हत्या, तेव्हापासून हे तडवी आदिवासी ही जमीन राखत आले होते. दर दिवाळीला दादा एक नवा घोडा देवाला वाहायचे. जुना मात्र कधी हलवायचा नाही. फुटला तरी तिथेच मातीत मिळू द्यायचा, असा त्यांचा रिवाज. आणि परवा शाळा दादांचाच सत्कार करणार होती! 'या भूमीचे मूळ रक्षक' अशी संगमरवरी पाटीही तयार होती.

"चोरी!" विहंग म्हणाला.

"फुटके घोडे कोण चोरणार? डोकं चालव ने!" नेहमीचा गुजराती 'ने' लावत भक्तीने जमिनीकडे बोट दाखवलं. "ही बघ, हातगाडीची खूण."

खूण थेट बांधकाम चालू असलेल्या नव्या कॉम्प्युटर रूमपाशी गेली. तिथला गवंडी सहज म्हणाला, "साहेबांनी पाटीसाठी जागा साफ करायला सांगितली. ती खापरं जोत्याच्या भरावात टाकली. काल वर सिमेंटही झालं." मान तुटलेला एक घोडा मात्र त्याने आपल्या मुलीसाठी बाजूला ठेवला होता. तिघांचे चेहरे बघून त्याने तो त्यांना दिला.

साहेब म्हणजे शाळेचे ट्रस्टी उदयसिंहराव. तिघं त्यांच्याकडे धावली.

"त्यात काय एवढं!" ते हसले. "सहा नवे रंगीत घोडे आणलेत. म्हाताऱ्याला कळणारही नाही. तुम्ही फक्त सत्काराचं ताट आणायचं. बोलायचं नाही!"

"बरं," भक्ती म्हणाली. बाहेर येताच तिने डोळा मिचकावला. "ताट तर आपल्याच हातात आहे ने!"

सत्काराच्या दिवशी उदयसिंहरावांनी ताटावरचा रुमाल उचलला. शालीवर नारळ नव्हताच. होता तो मानमोडका घोडा!

दादांनी तो दोन्ही हातांनी उचलला. "आ तो मारा बापानो," ते गुजरातीत पुटपुटले. वडिलांनी वाहिलेला घोडा त्यांनी लगेच ओळखला होता. बाकीचे कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं.

"कॉम्प्युटर रूमच्या खाली, दादा," भक्ती रडत म्हणाली. "सिमेंटखाली."

दादांनी शाल घेतली नाही. "शाबाश, बेटा," त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तमे शोध्या तो खरा. तुम्ही निदान शोधले तरी." मग घोडा नव्या भिंतीच्या पायथ्याशी ठेवून ते निघून गेले. तिघं फाटकापर्यंत मागे गेली, पण दादांनी वळून पाहिलं नाही.

उदयसिंहरावांनी पुढे बक्षीस समारंभात "धीट मुलं!" म्हणून तिघांची पाठ थोपटली. भक्तीला ती थाप नको झाली होती. पाटी ठरल्याप्रमाणे लागली. पुढच्या दिवाळीला दादा आले नाहीत, त्यानंतरच्याही नाही.

कॉम्प्युटर रूममध्ये जाताना सगळ्यांना बूट काढावे लागतात. आत धूळ जाऊ नये, असं सर सांगतात. भक्ती, यशराज आणि विहंगही दाराबाहेर बूट काढतात, पण धुळीसाठी नाही.