सोएमोनचं शिरस्त्राण

दिवा राहू दे तसाच, मंद. सांगतो.

आमचा ओकुनो बिवा तळ्याच्या काठी, काईझू गावात राहायचा. जुनी शिरस्त्राणं दुरुस्त करायचा. मागच्या वर्षी, सतरा नोव्हेंबरला, डोंगरावरच्या देवळातलं एक शिरस्त्राण अस्तर बदलायला म्हणून आणायला गेला. म्हाताऱ्या भिक्षूंनी चहा पाजला आणि तीच कथा पुन्हा ऐकवली. हे घालणारा तरुण सरदार आणि घडवणारा लोहार सोएमोन, दोघं एकाच दाईच्या दुधावर वाढलेले. सरदार पहिल्याच लढाईत कपाळावर घाव बसून गेला. सोएमोननं दुःखानं अन्न सोडलं आणि मेला.

"दरवेळी तुम्ही इथंच डोळे पुसता, बुवा," ओकुनो म्हणाला.

तू काय, लोखंडात राहून लोखंडच झालास, असं म्हणून भिक्षूंनी त्याला वाटेला लावलं.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी ओकुनोनं जुनं अस्तर उसवलं. बासष्ट उभ्या पट्ट्या, एकीवर एक चढवून रिबिटांनी जोडलेल्या. काम असं देखणं, की तो एकटाच हसला. मग कपाळाच्या पट्टीवर आतून बोट फिरवलं.

आतून ठोकून बसवलेली रिबिटांची टोकं लागेनात.

बाहेरून पाहिलं. चौदा डोकी, सरळ ओळीत. आत काहीच नाही. नुसती डोकी चिकटवलेली. पट्टी फक्त रोगणावर तगून होती. एखादं राहिलं असतं तर चूक म्हटली असती. चौदाच्या चौदा...

तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं. कोवळा आवाज. विशीतला.

"नीट जोडलंय ना?"

घरात तो एकटाच होता. वळला नाही. पण काम समोर होतं, खोटं बोलवेना.

"...नाही."

तळ्याचं पाणीसुद्धा ऐकू येईना.

"पण... सोएमोननंच घडवलंय ना?"

इतक्या भरवशानं विचारलं, ओकुनो मला म्हणाला, की हातातलं शिरस्त्राण त्यानं हळूच खाली ठेवलं.

"हो."



उजाडेपर्यंत ओकुनो खाली मान घालून बसला होता. वर पाहिलं तर शिरस्त्राण समोरच, आणि त्याला लाल दोरी. हनुवटीखाली बांधतात तशी घट्ट गाठ मारलेली, गाठ आणि शिरस्त्राणाच्या मध्ये एक चेहरा मावेल एवढी पोकळी. दोरी ओली होती.

ओकुनोनं दोरी ओवलीच नव्हती. लाल दोरी त्याच्या घरात नव्हतीच.